टायर तापतोय, पण कशाने? सिम रेसिंगमध्ये तापमान वाचून सेटअप लावण्याची पद्धत

सिम रेसिंग म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी रेस गाडी चालवणं. पहिल्या चार लॅप्स, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, गाडी म्हणाल तिथे वळते. सातव्या लॅपला तोंड आत यायला तयार नसतं, दहाव्या लॅपला वळणातून बाहेर पडताना मागची बाजू निसटू लागते, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातले हिरवे टायर एव्हाना लाल झालेले असतात. मग गॅरेजमध्ये जाऊन एकदम पाच गोष्टी फिरवल्या जातात: अँटी-रोल बार मऊ, विंग वर, कॅम्बर कमी, डॅम्पर जरा इकडे, स्प्रिंग जरा तिकडे. पुढच्या रनला टायर पुन्हा लालच. वर गाडीही आता ओळखीची राहिलेली नसते.

या गोंधळातून सुटायचं तर क्रम पाळावा लागतो. आधी टायरमधली हवा, मग ब्रेक डक्ट (ब्रेकवर वारा नेणारी वाट), मग तुमचे हात-पाय, आणि एवढं करून जे उरेल ते सेटअपच्या, म्हणजे गाडीच्या जुळवणीच्या, बाकीच्या पानांवर. हा क्रम मी हट्टाने पाळतो. टायरचं तापमान एवढंच सांगतं की उष्णता तयार झाली आहे. ती ट्रॅकने केली, ब्रेकने केली की तुमच्या स्टीअरिंगने, हे आपणच शोधायचं असतं.

उदाहरणासाठी एकच गेम, एकच गाडीवर्ग आणि एकच ट्रॅक घेतो: इटलीच्या कुनोस सिम्युलात्सिओनीचा २०१९ साली पूर्ण स्वरूपात आलेला 'असेट्टो कोर्सा कॉम्पेतित्सिओने', ज्याला सगळे एसीसी म्हणतात, त्यातली कुठलीही जीटी३ गाडी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेली रेस गाडी), आणि बार्सिलोनाचा ट्रॅक. बार्सिलोनाच घेण्याचं कारण म्हणजे हा ट्रॅक डाव्या पुढच्या टायरचा वैरी आहे, त्यामुळे तापमानाचे सगळे प्रश्न तिथे ठळक दिसतात. आयरेसिंग आणि ल मान्स अल्टिमेट हे दुसरे सिम खेळणाऱ्यांसाठी फरकाच्या जागा पुढे येतील.

घासून आणि मळून

टायर दोन तऱ्हांनी तापतो. पहिली तऱ्हा घासण्याची. चाक ज्या दिशेला बघतंय आणि गाडी ज्या दिशेला जातेय त्यात फरक पडला की रबर डांबरावर घासतं. यात वरचा थर क्षणात तापतो आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर बराचसा निवतोही. दुसरी तऱ्हा मळण्याची. चाक फिरताना टायरचा खालचा भाग वजनाखाली दबतो, पुन्हा फुलतो, पुन्हा दबतो. कणीक मळावी तसं रबर आतून मळलं जातं आणि त्यातून उष्णता निघते. ती टायरच्या गाभ्यात साठते, चढायला एक-दोन लॅप्स घेते आणि उतरायलाही तितकाच वेळ लावते.

याला तिसरा स्रोत ब्रेकचा. डिस्क तापते, तिची झळ रिमला लागते, रिमची आतल्या हवेला, आणि तिथून टायरच्या गाभ्याला. टायर घासला नाही, फारसा मळला नाही, तरी या मागच्या दाराने तो तापू शकतो.

हे तिन्ही वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं. एखाद्या वळणात टायर लाल होतो आणि सरळ पट्ट्यावर हिरवा होतो, तर तो घासतोय. लॅपमागून लॅप हळूहळू चढत जातो आणि उतरतच नाही, तर गाभा तापलाय: एकतर हवा चुकलीय, किंवा भार जास्त आहे, किंवा ब्रेकची झळ लागतेय. एसीसीच्या टायर विजेटमधला (स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या टायरच्या चित्रांमधला) रंग तापमानाचा असतो आणि आकडा हवेचा. नुसत्या रंगावर जाऊ नका. गाभ्याच्या तापमानाचा आकडा टेलिमेट्रीत (गाडीच्या नोंदवून ठेवलेल्या आकड्यांत) किंवा एखाद्या ओव्हरलेवर (गेमवर दिसणाऱ्या वेगळ्या चौकटीत) बघा. जीटी३च्या सुक्या टायरला साधारण ८० ते ९० अंश मानवतात. ७०च्या खाली पकड येत नाही, १००च्या वर ती निघून जाते.

आधी परिस्थिती स्थिर करा

ढग येतायत-जातायत, ट्रॅक तापतोय-निवतोय, अशा सेशनमध्ये सेटअप लावायला बसलात तर तुम्ही सेटअप मोजताय की हवामान, हे तुम्हालाच कळणार नाही. सराव सेशनमध्ये ढग शून्य, पाऊस शून्य, हवामानातला बदल शून्य ठेवा. हवेचं तापमान ज्या रेसची तयारी करताय तिच्याइतकं ठेवा. दुपारच्या उन्हातली रेस असेल तर संध्याकाळचा सराव काही कामाचा नाही.

इंधनही रेसच्या निम्म्यापाशी ठेवा. ६० लिटर म्हणजे सुमारे ४५ किलो. क्वालिफायिंगच्या (रेसमधली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सेशनच्या) दहा लिटरवर लावलेली हवा रेसच्या पहिल्या वीस मिनिटांत हमखास वर जाते.

सुरुवातीचा सेटअप गेममधला तयार 'ॲग्रेसिव्ह' घ्या. पैसे देऊन सेटअप घेणाऱ्यांना एक सांगतो: तो ज्याने बनवला त्याचे हात तुमच्याकडे नाहीत, आणि ज्या तापमानाला बनवला ते तापमान आज असेलच असं नाही. घ्यायचाच तर घ्या, पण त्यातली हवा तुमची तुम्हीच भरा.

आणि टेलिमेट्री चालू करा. सेटअपच्या इलेक्ट्रॉनिक्स पानावर टेलिमेट्रीच्या लॅप्सचा आकडा असतो. तो शून्यावर असेल तर काहीच नोंदलं जात नाही. पाच-सहा करून ठेवा. या फायली मोटेक कंपनीच्या आय२ प्रो या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. पहिल्यांदा उघडल्यावर विमानाचं कॉकपिट उघडल्यासारखं वाटेल, घाबरू नका. आपल्याला त्यातल्या चार-पाच रेघाच लागणार आहेत.

पायरी पहिली: हवा

पेट्रोल पंपावर आपण पुढच्या दोन्ही चाकांत सारखी हवा भरतो, तीही टायर गार असताना. रेसिंगमध्ये दोन्ही सवयी सोडायच्या. इथे लक्ष्य गरम टायरमधल्या हवेचं असतं, आणि चारही चाकांची गरम हवा सारखी यावी म्हणून गार हवा मुद्दाम वेगवेगळी भरायची असते.

एसीसीत सध्या सुक्या टायरची गरम हवा २६ ते २७ पीएसआयच्या दरम्यान हवी, मी २६.६ धरून चालतो. इंटरनेटवर अजूनही ठिकठिकाणी २७.५ सापडतं. तो आकडा जुन्या टायरचा आहे. २०२३ साली आलेल्या १.९ आवृत्तीत टायर बदलला आणि लक्ष्य खाली आलं. जुना व्हिडिओ बघून हवा भरणाऱ्याचे चारही टायर पहिल्या लॅपपासून फुगलेले असतात, आणि तो बिचारा स्प्रिंग बदलत बसतो.

आता गाडी बाहेर काढा. एक आउट लॅप (गॅरेजमधून निघाल्यावरची टायर तापवायची फेरी) आणि त्यानंतर चार लॅप्स, एकसारख्या. वेगवान नकोत, एकसारख्या हव्यात. ज्या लॅपमध्ये गवतावर गेलात ती मोजायची नाही. चौथ्या लॅपच्या शेवटी सरळ पट्ट्यावर चारही आकडे बघा. समजा बार्सिलोनाला असं दिसलं:

डावा पुढचा २७.८, उजवा पुढचा २६.७
डावा मागचा २७.४, उजवा मागचा २६.५

बार्सिलोना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतो, लांब आणि वेगवान वळणं बहुतेक उजवीकडची, म्हणून भार डाव्या चाकांवर. हा फरक अपेक्षितच आहे. गॅरेजमध्ये जाऊन डाव्या पुढच्यातून १.२ काढा, डाव्या मागच्यातून ०.८, उजव्या पुढच्यातून ०.१, आणि उजव्या मागच्यात ०.१ भरा. गार हवेत केलेला बदल गरम टायरवर जवळपास तेवढाच दिसतो. पुन्हा तशाच लॅप्स मारा आणि राहिलेला फरक ०.१च्या क्लिकने मिटवा.

हवा जास्त झाली की टायरचा मधला भाग फुगतो, जमिनीला टेकणारं रबर कमी होतं, पकड सुटते आणि टायर घासतो. म्हणजे जास्त हवेने वरचा थर तापतो. कमी झाली की टायर जास्त मळला जातो, गाभा तापतो, आणि स्टीअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळल्यासारखी वाटते. दोन्ही टोकांना लालच. म्हणूनच टायर लाल दिसला की डोळे मिटून हवा कमी करायची, हा सल्ला निम्म्या वेळा उलटा पडतो.

तापमान बदललं तर काय, याचाही हिशोब सोपा आहे. बंद डब्यातल्या हवेचा दाब तिच्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो, मात्र तापमान केल्विनमध्ये आणि दाब वातावरणाचा धरून मोजायचा. २६.५ पीएसआय म्हणजे वातावरणाचे १४.७ धरून ४१.२, टायरमधली हवा ८५ अंशांना, म्हणजे ३५८ केल्विन. भागाकार केला की एका अंशाला सुमारे ०.११ पीएसआय येतात. लक्षात ठेवायला सोपं: टायर दहा अंशांनी चढला की हवा एक पीएसआयहून जराशी जास्त चढते. २४ अंशांना केलेला सेटअप ३० अंशांच्या रेसला जसाच्या तसा नेलात तर अर्धा-पाऊण पीएसआय कुठून वाढला, असा प्रश्न पडायला नको.

पायरी दुसरी: ब्रेक डक्ट

हवा लागली, आकडे जुळले, तरी समजा डाव्या पुढच्या टायरचा गाभा ९७ अंशांवर आणि बाकीचे तिघे ८२ ते ८८ मध्ये. आता खरा प्रश्न समोर आला. आधी तो हवेच्या गोंधळात लपला होता.

सेटअपमध्ये ब्रेक डक्टला ० ते ६ असे आकडे असतात. आकडा वाढवला की ब्रेकवर जास्त वारा जातो, ब्रेक निवतात, आणि त्यासोबत रिम, आतली हवा, टायरचा गाभा. पुढचा डक्ट एक क्लिक उघडा, चार लॅप्स मारा. गाभा दोन-तीन अंश उतरला तर झळ ब्रेकची होती. काहीच हललं नाही तर ब्रेकला सोडून द्या, उष्णता वळणांत तयार होतेय.

इथे एक जोडकाम कायम करायचं. डक्टने तापमान उतरलं की हवाही उतरते, म्हणून डक्ट हलवल्यावर पायरी पहिली पुन्हा. हे कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढचं प्रत्येक वाचन खोटं ठरतं. डक्ट नको तेवढे उघडून ब्रेक गार पाडू नका. पहिल्या वळणाला पेडल दाबल्यावर गाडी थांबलीच नाही, तर टायरचं तापमान हा सगळ्यात लहान प्रश्न असेल.

पायरी तिसरी: हात आणि पाय

ही पायरी कुणालाच आवडत नाही. गॅरेजमध्ये क्लिक करणं सोपं, स्वतःची रेघ बघणं जड. पण पुढचे टायर तापण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे सापडतं.

बार्सिलोनाचं तिसरं वळण घ्या. उजवीकडे वळणारं, लांबलचक, वेगवान. कित्येक सेकंद सगळा भार डाव्या पुढच्या टायरवर. मध्यावर येईपर्यंत तोंड जरासं बाहेर सरकू लागतं, म्हणून हात आपोआप स्टीअरिंग थोडं आणखी फिरवतात. तोंड तरी बाहेरच, म्हणून आणखी थोडं. टायरला पकड देण्याचा जो कमाल कोन असतो तो केव्हाच ओलांडलेला असतो. आता फिरवलेला प्रत्येक अंश फक्त रबर घासतो. गाडी वळत नाही, टायर मात्र तापतो.

मोटेकमध्ये हे उघड दिसतं. स्टीअरिंगच्या कोनाची रेघ आणि बाजूच्या जी-फोर्सची रेघ एकाखाली एक लावा. वळणाच्या पहिल्या भागात दोन्ही सोबत चढतील. मग एका जागी जी-फोर्स सपाट होईल आणि स्टीअरिंग चढतच राहील. तिथपासून पुढचं स्टीअरिंग वाया.

पडताळा ट्रॅकवरही घेता येतो. पुढच्या लॅपला वळणाच्या मध्यावर स्टीअरिंग पाच-दहा अंश सोडून बघा. गाडीची रेघ बदलली नाही, किंवा उलट तोंड किंचित आतच आलं, तर उत्तर मिळालं. मग उपाय असा: वळणात शिरताना वेग एक कण कमी, ॲक्सिलरेटर जरा आधी आणि जरा हळू सोडणं, आणि हात शांत. तिसऱ्या वळणात असा गमावलेला वेळ नवव्या आणि बाराव्या वळणात परत मिळतो, कारण तोवर टायर तापून मेलेला नसतो.

व्हीलबद्दल एक सूचना. फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हीलची मोटर हाताला देते तो जोर, फार वाढवून ठेवला असेल तर मोठ्या भाराच्या वळणात मोटर आपल्या कमाल ताकदीला जाऊन अडकते आणि त्यापुढचा बारीक फरक हाताला कळत नाही. टायर घासू लागला की स्टीअरिंग हलकं पडतं, पण तेच तुम्हाला जाणवणार नाही. छोट्या गिअरवाल्या व्हील्सना हा त्रास जास्त. वेगवान वळणात फोर्स फीडबॅकची पट्टी सतत लाल होत असेल तर गेन, म्हणजे त्या जोराचा आकडा, खाली आणा.

मागचे टायर तापत असतील तर पायाकडे बघा. इथे बार्सिलोना एक छान खूण देतो. ट्रॅक स्वतः डाव्या चाकांना तापवतो; तरीही उजवा मागचा टायर इतरांच्या वर जात असेल तर संशय सरळ पाचव्या आणि दहाव्या वळणावर घ्यायचा. ही दोन्ही हळू आणि डावीकडची. त्यातून बाहेर पडताना गाडीचं वजन उजव्या मागच्या चाकावर येतं, आणि उजवा पाय घाईत असला तर तेच चाक जागच्या जागी फिरतं. ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक जागी फिरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा तिथे लांबपर्यंत लुकलुकताना दिसेल. एक क्लिक ट्रॅक्शन कंट्रोल वाढवा, पण त्याआधी दोन-चार लॅप्स ॲक्सिलरेटर वाढत्या स्टीअरिंगसोबत न दाबता, सुटत्या स्टीअरिंगसोबत दाबून बघा. पोर्शे ९११ जीटी३ आर चालवणाऱ्यांना इथे जास्त जपावं लागतं: इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, मागच्या टायरवर आधीच वजन जास्त.

पायरी चौथी: आता बाकीची पानं

इथपर्यंत हवा बरोबर, ब्रेकचा हिशोब मिटलेला, हात शांत. तरी एक टोक तापतंय. आता सेटअप उघडायचा हक्क मिळाला.

सर्वात आधी स्वतःला विचारा की टायर हळू वळणांत तापतोय की वेगवान. तिसऱ्या आणि नवव्या वळणात पुढचे टायर घासत असतील आणि हळू वळणांत गाडी ठीक असेल, तर दोष वरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या दाबाने गाडी जमिनीला चिकटण्यात आहे: मागची विंग जास्त आहे, किंवा पुढची उंची जास्त. मागची विंग एक क्लिक खाली आणा, किंवा मागची उंची किंचित वाढवून गाडी नाकावर झुकवा. उलट, हळू वळणांतच तोंड बाहेर जात असेल तर विंगला हात लावू नका. पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीला एका बाजूला झुकण्यापासून रोखणारी दांडी) एक-दोन क्लिक मऊ करा. पुढून मऊ करून पुढे तोटा वाटत असेल, प्रतिसाद मंद होत असेल, तर त्याऐवजी मागचा बार कडक करा. दोन्हींत कल सारखाच बदलतो: पुढचा भार कमी, मागचा जास्त. आणि तिथेच सावध राहायचं. पुढचे टायर पाच अंश उतरले आणि मागचे सात चढले, तर तुम्ही प्रश्न सोडवला नाही, तो मागच्या सीटवर बसवला.

मागचं आतलं चाक हळू वळणात फिरत असेल तर डिफरन्शियलचा प्रीलोड (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवायला धरून ठेवणारा जोर) थोडा वाढवून बघता येतो. त्याची किंमत वळणात शिरताना मोजावी लागते. गाडी वळायला नाखूश होते.

कॅम्बरची, म्हणजे चाकाच्या उभ्या झुकावाची, गोष्ट वेगळी. टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्टीचे तीन आकडे मिळतात तिथे तो नीट वाचता येतो. आयरेसिंगच्या गॅरेजमध्ये गाडी परत आल्यावर प्रत्येक टायरसाठी गार हवा, शेवटची गरम हवा, तीन तापमानं आणि उरलेलं रबर दिसतं. वाचण्याचा नियम असा: मधली पट्टी बाकीच्या दोघींच्या सरासरीपेक्षा गरम, तर हवा जास्त, गार, तर हवा कमी. चाक निगेटिव्ह कॅम्बरने आत झुकलेलं असतं म्हणून आतली पट्टी बाहेरचीपेक्षा पाच ते दहा अंश गरम असणं साहजिक आहे. पंधराच्या पुढे गेली तर कॅम्बर जास्त आहे आणि सरळ पट्ट्यावर, ब्रेक मारताना टायर फक्त आतल्या कडेवर उभा राहतोय. बाहेरची पट्टी आतलीपेक्षा गरम असेल तर कॅम्बर कमी, किंवा तुम्ही पायरी तिसरी गाळलीत.

या वाचनात एक सापळा आहे. परत येताना आरामात एक लॅप मारलीत तर ते तीन आकडे तुमच्या रेसचे राहत नाहीत, आरामाचे होतात. आणि पिटच्या (गॅरेजकडे नेणाऱ्या गल्लीच्या) आधीचं शेवटचं वळण ज्या बाजूचं, त्याची छाप वाचनावर पडते. म्हणून वेगात या, ब्रेक मारा, थेट पिटमध्ये. आणि एका वाचनावर कॅम्बर बदलू नका.

डावा-उजवा कॅम्बर सारखाच हवा असा काही नियम नाही. बार्सिलोनासारख्या एकाच बाजूला झुकलेल्या ट्रॅकवर डाव्या चाकांना जास्त, उजव्यांना कमी, हे पूर्ण रास्त आहे. उजव्यांचा कमी केला की ब्रेकिंगमध्ये थोडा फायदाही मिळतो.

टोबद्दल, म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत (टो-इन) की बाहेर (टो-आउट) वळली आहेत याबद्दल, थोडक्यात: पुढे टो-आउट दिला की गाडी चटकन वळते, मागे टो-इन दिला की शेपूट जागेवर राहते, आणि दोन्हींत जास्ती केली की सरळ पट्ट्यावरही टायर एकमेकांच्या विरोधात घासत राहतात. तापमान चढतं, वरचा वेग उतरतो. मागचे दोन्ही टायर सारखेच आणि सतत गरम असतील तर टो-इन एक-दोन क्लिक कमी करून बघा.

डॅम्परला तापमानासाठी मी शेवटपर्यंत हात लावत नाही. कर्बवर गाडी उडते, तिथे त्यांचं काम.

टायर तापतच नसेल तर

ही तक्रार बेल्जियमच्या स्पा आणि जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या लांबलचक ट्रॅकवरून येते. स्पाची लॅप ७.००४ किलोमीटरची आणि केमेलच्या सरळ पट्ट्यावर टायरला भरपूर वारा. नुर्बुर्गरिंगची २४ तासांच्या रेसची आखणी तर २५.३७८ किलोमीटरची, तिच्या शेवटी दोन किलोमीटरहून लांब असा डोटिंगर ह्योहचा सरळ पट्टा. तो संपेपर्यंत टायर बराच उतरलेला असतो, म्हणून तिथे हवा त्या पट्ट्याच्या शेवटी वाचू नका. लॅपच्या मध्यावर, वळणांच्या गर्दीत वाचा.

गार दिवशी डक्ट बंद करत आणा, गार हवा वाढवून गरम हवा लक्ष्यावर आणा. आउट लॅपला स्टीअरिंग डावी-उजवीकडे फिरवत नागमोडी जाणं टीव्हीवर छान दिसतं, पण त्याने मुख्यतः वरचा थर तापतो. गाभा तापवायला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हवेत: सरळ रेषेत जोर देऊन वेग घ्या, ठाम ब्रेक मारा, पुन्हा वेग. भारही पडतो आणि डिस्कची झळही लागते.

ल मान्स अल्टिमेटमध्ये हे जास्तच महत्त्वाचं. हा गेम ज्या स्पर्धेवर बेतला आहे त्या जागतिक एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या रेसच्या) स्पर्धेत २०२३ पासून टायर आधी तापवून आणण्याला बंदी आली. त्याच वर्षी स्पाला गार टायरवर पिटमधून निघालेल्या गाड्या आदळल्या आणि त्यानंतर ल मान्सच्या रेसपुरती सूट द्यावी लागली. व्यावसायिक ड्रायव्हरांची ती गत. गेममध्ये पिटमधून निघाल्यावर पहिल्या वळणाला नेहमीच्या जागी ब्रेक मारणारा भिंतीकडे जातो. तिथे पहिल्या लॅपला ट्रॅक्शन कंट्रोल दोन क्लिक वर आणि ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) किंचित बदलून घेतलेला बरा.

पावसाचा टायर वेगळा जीव आहे. एसीसीत त्याची गरम हवा ३० पीएसआयच्या आसपास हवी, कारण खाचांमधून पाणी निघायला टायर ताठ असावा लागतो. ट्रॅक सुकू लागला की हाच टायर भराभर तापतो. सरळ पट्ट्यावर रेसिंगची रेघ सोडून मुद्दाम ओल्या भागावरून चाला. तेवढ्याने दोन-तीन लॅप्स जास्त निघतात.

रेसच्या आधी

सेटअप जतन करताना नावात तापमान लिहा: 'बार्सिलोना रेस वातावरण२६ ट्रॅक३४' असं काहीही चालेल. महिन्याभराने हीच फाईल उघडाल तेव्हा कुठून किती हलवायचं ते नावातच असेल.

क्वालिफायिंगला टायर दुसऱ्या-तिसऱ्या लॅपला लक्ष्यावर यायला हवा, म्हणून तिथे गार हवा रेसपेक्षा ०.२-०.३ जास्त. रेसला तो विसाव्या मिनिटाला लक्ष्यावर हवा. गर्दीत दुसऱ्याच्या मागे धावणार असाल तर तुमच्या गाडीला वारा कमी मिळतो, टायर आणि ब्रेक दोन्ही जास्त तापतात. लक्ष्याच्या खालच्या टोकाला, २६.३ किंवा २६.४ला लावून निघा. मोकळ्या ट्रॅकवर किंचित गार वाटेल, एकामागे एक गाड्यांच्या रांगेत अडकल्यावर बरोबर लागेल.

आणि पिट स्टॉपची रेस असेल तर एक पान हमखास विसरलं जातं. टायरच्या पानावर तुम्ही तासभर खपून लावलेली हवा पहिल्या सेटची. स्टॉपमध्ये बसणाऱ्या सेटची हवा इंधन आणि स्ट्रॅटेजीच्या पानावर वेगळी लिहिलेली असते, आणि तुम्ही बदलली नसेल तर तिथे मूळ सेटअपचेच आकडे असतात. गाडी ग्रिडवर न्यायच्या आधी ते पान उघडून चारही आकडे भरा. दुसरा स्टिंट, म्हणजे पिट स्टॉपनंतरचा टप्पा, संध्याकाळी पडणार असेल, ट्रॅक पाच-सहा अंश उतरणार असेल, तर तिथे अर्धा पीएसआय जास्त भरा. रेस चालू असताना मल्टिफंक्शन डिस्प्लेवरून हेच आकडे बदलता येतात, पण ते बार्सिलोनाच्या मुख्य सरळ पट्ट्यावरच करा, तिसऱ्या वळणात नको.